आठ दिवसांत सहा उद्याने नकोत : केनियातील पक्षीसहलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही साताऱ्यातील निवृत्त दांपत्य असून मायणी, भिगवण, कास या परिसरात बरीच वर्षे पक्षी पाहत आलो आहोत. पुढील हिवाळ्यात केनियाला जाण्याचा विचार आहे. परदेशप्रवासाचा अनुभव नाही. एका सहल कंपनीने आठ दिवसांत अंबोसेली, त्सावो, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि सांबुरू अशी सहा ठिकाणे दाखवण्याचा कार्यक्रम दिला आहे. आम्हांला सिंह-हत्तींपेक्षा पक्ष्यांत अधिक रस आहे. हा कार्यक्रम घ्यावा का, आणि नेमके कोणत्या महिन्यात जावे?

उत्तर : हा कार्यक्रम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कंपनीचा दोष नाही. सिंह, हत्ती आणि गेंडा एका फेरीत पाहू इच्छिणाऱ्यांसाठी तो आखलेला आहे. पण नकाशावर शेजारी-शेजारी दिसणारी ही ठिकाणे रस्त्याने एकमेकांपासून कित्येक तासांच्या अंतरावर आहेत, आणि रोज सकाळी सामान बांधून, न्याहारी उरकून निघायचे म्हटले की पक्ष्यांच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ, म्हणजे उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास, हॉटेलचा हिशेब चुकता करण्यात आणि महामार्गावरच्या मालमोटारींच्या मागे जातो. केनिया विषुववृत्तावर असल्यामुळे तिथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साधारण बारा तासांनी मावळतो. उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ तिथे मिळत नाही, म्हणून गमावलेल्या सकाळीची भरपाई सायंकाळी होत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. मोठ्या श्वापदांच्या उद्यानांत ठरवून दिलेल्या जागा सोडल्यास गाडीतून उतरण्यास मनाई असते, आणि ती योग्यच आहे. झुडपातून अनोळखी आवाज आला तर आपण मायणीला जसे दोन पावले बाजूला सरकून पाहता, तसे तिथे करता येत नाही. शिवाय गाडीचा चालक सिंहाची बातमी रेडिओवर मिळाली की तिकडे धाव घेणार, कारण त्याच्या बहुतेक प्रवाशांना तेच हवे असते. वाटेतल्या वाळलेल्या फांदीवर बसलेला जांभळ्या छातीचा नीलपंख पाहण्यासाठी थांबा, असे तुम्ही तिसऱ्यांदा सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागतो. म्हणून पायी फिरता येईल अशी ठिकाणे आधी निवडावीत आणि उद्याने त्यांच्या जोडीला, मोजकीच घ्यावीत.

ठिकाणे निवडताना उद्यानांची यादी समोर न ठेवता अधिवासांची ठेवावी. केनियातून सुमारे १,१०० जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आपल्या देशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या भूभागाच्या मानाने ही संख्या थक्क करणारी आहे. तिचे कारण असे, की पश्चिमेला काँगोच्या खोऱ्यातील वर्षावनाचा शेवटचा तुकडा, मधोमध खचदरीतील (रिफ्ट व्हॅली) गोडी आणि खारी सरोवरे, उत्तरेला काटेरी झुडपांचा रखरखीत प्रदेश, पूर्वेला हिंदी महासागराचा किनारा आणि या सगळ्यांत ५,१९९ मीटर उंचीचा केनिया पर्वत, हे सगळे एकाच देशात आहे. एकाच प्रकारच्या गवताळ प्रदेशातील चार उद्याने पाहण्यापेक्षा चार वेगळे अधिवास पाहिले, तर त्याच दिवसांत दुप्पट विविधता हाती लागते.

माझ्या मते अकरा-बारा दिवस काढावेत आणि नैरोबी, नैवाशा, बारिंगो सरोवर व पश्चिमेकडील काकामेगाचे वर्षावन एवढ्यावरच थांबावे. नैरोबीत उतरल्यावर दोन मुक्काम ठेवा. शहराला खेटूनच ११७ चौरस किलोमीटरचे, १९४६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे अर्ध्या दिवसात शहामृग, लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी, गिधाडे आणि माळरानावरचे चंडोल पाहून होतात, आणि प्रवासाचा शीणही निघतो. शहरातल्या जुन्या झाडीच्या बागांतून हार्टलॉबचा टुराको दिसतो. बसलेला असताना हिरवा-निळा वाटणारा हा पक्षी उडाला की पंखांतला गर्द किरमिजी रंग एकदम उघडा पडतो. हा रंग तांबेयुक्त रंगद्रव्याचा असून ते टुराकोंच्या कुळाखेरीज इतरत्र जवळजवळ आढळत नाही.

नैवाशा हे गोड्या पाण्याचे सरोवर नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटरवर आहे. तिथे मत्स्यगरुडांच्या जोड्या मोजता मोजता दमायला होते, आणि शेजारच्या हेल्स गेट उद्यानात पायी किंवा सायकलने फिरता येते. वाटेवरच्या किनांगोप पठारासाठी मात्र एक सकाळ राखून ठेवा. तिथल्या झुबकेदार गवताच्या कुरणांत शार्पचा लाँगक्लॉ नावाचा पिवळ्या पोटाचा पक्षी राहतो. तो केनियाबाहेर कुठेही नाही. ही कुरणे खासगी शेतकऱ्यांच्या मालकीची आहेत, ती नांगरून बटाटा आणि कोबी लावला जात आहे, आणि नांगर फिरला की पक्षी तिथून जातो. आपल्याकडच्या माळरानांची जी गत झाली ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेतकऱ्याची परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्याबरोबरच कुरणात उतरावे.

बारिंगोला तीन मुक्काम करा, दोनांत भागवू नका. इथे काटेरी झाडोरा, उभे कडे आणि सरोवर हे तिन्ही एका तासाच्या परिसरात आहेत. कड्यांवर हेम्प्रिखचा धनेश आणि काळा व्हेरोचा गरुड दिसतो. पण बारिंगोची खरी ख्याती आहे ती तिथल्या स्थानिक वाटाड्यांमुळे. बाभळीच्या सावलीत कोणत्या दगडाशेजारी रातवा बसला आहे, कोणत्या झाडावर पांढऱ्या तोंडाचे घुबड दिवस काढते आहे, याची बातमी त्यांच्याकडे सकाळी ताजी असते. ते तुम्हांला जमिनीवरच्या काटक्यांकडे बोट दाखवून उभे करतात. तुम्हांला काटक्याच दिसतात. मग ते बोट एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकवत नेतात, आणि अचानक त्या पानांना मिटलेला डोळा आहे हे लक्षात येते. तीन पट्ट्यांचा धाविकही असाच, दुपारच्या सावलीत निश्चल उभा राहिलेला, दुर्बिणीशिवाय पाच पावलांवरून दिसतो. गेल्या दशकभरात खचदरीतील सरोवरांचे पाणी खूप चढल्यामुळे बारिंगोच्या काठची घरे, शाळा आणि हॉटेले पाण्याखाली गेली, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतले मुक्कामाचे पत्ते विश्वासाने घेऊ नका. तसेच या भागात गुरांच्या चोऱ्यांवरून सशस्त्र चकमकी होत आल्या आहेत. सरोवराकाठचा परिसर आणि त्याच्या उत्तरेचा प्रदेश यांत फरक असला, तरी निघण्याच्या आठवड्यात तिथल्या मुक्कामाच्या जागी विचारणा करूनच जावे, आणि शंका आली तर ते दिवस निमूटपणे नैवाशाला द्यावेत.

काकामेगा हा या सहलीचा कळस आहे आणि सर्वांत कठीण भागही. उंच झाडीच्या शेंड्यांवर पक्षी फिरतात, सकाळी धुके असते, दुपारी पाऊस येतो, आणि पहिल्या दिवशी मान दुखण्यापलीकडे फारसे हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कानांना सवय होते. काळ्या-पांढऱ्या धनेशाच्या पंखांचा फुसफुस आवाज तो दिसण्याच्या आधी येतो, हे कोकणात धनेश पाहिलेल्यांना ओळखीचे वाटेल. जवळजवळ पाऊण मीटर लांबीचा मोठा निळा टुराको फांदीवरून खारीसारखा धावत जातो आणि टोकाला पोचल्यावर नाइलाज झाल्यासारखा उडतो. तीन मुक्कामांनंतर तिथून रस्त्याने परतण्याऐवजी ५० किलोमीटरवरच्या किसुमूहून नैरोबीला विमानाने या. तासाभराच्या आत पोचाल आणि एक अख्खा दिवस वाचेल.

किनाऱ्याचे आकर्षण वाटत असेल, तर काकामेगाच्या जागी वाटामूजवळचे अराबुको-सोकोके जंगल घ्या. तिथे १९६६ साली शास्त्रज्ञांनी वर्णन केलेले जेमतेम वीतभर उंचीचे सोकोके घुबड आणि केनियाबाहेर कुठेच न आढळणारी क्लार्कची सुगरण आहे, आणि शेजारच्या मिडा खाडीत क्रॅब प्लोव्हरचे थवे हिवाळा काढतात. पण पश्चिमेचे जंगल आणि पूर्वेचा किनारा एकाच सहलीत कोंबू नका. तसे केले की आपण पुन्हा त्या कंपनीच्या कार्यक्रमापाशी येऊन पोचतो.

आता महिना. मार्च अखेरीपासून मेपर्यंत तिथला मोठा पाऊस असतो. गवताळ प्रदेशात आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी चिकण माती असल्यामुळे त्या काळात गाड्या रुततात, हे मराठी माणसाने समजून घ्यायला हरकत नाही. जुलै ते ऑक्टोबर हा मसाई मारात रानबैलांच्या (वाइल्डबीस्ट) स्थलांतराचा, म्हणून गर्दीचा आणि महागाईचा हंगाम. मारा उद्यानाने २०२४ पासून परदेशी प्रौढांसाठी दिवसाचा दर जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा केला. यावरून अंदाज यावा. पक्ष्यांच्या दृष्टीने हा काळ तसाही दुय्यम आहे, कारण युरोप-आशियातून येणारे स्थलांतरित पक्षी तेव्हा आलेले नसतात. नोव्हेंबरात छोटा पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारनंतर पडतो, आणि सुगरणींच्या कुळातले नर रंगात येऊ लागतात. तुमच्यासाठी जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर हा काळ उत्तम: हवा कोरडी, स्थलांतरित हजर, नाताळची गर्दी ओसरलेली. एक मात्र लक्षात ठेवा, की त्या स्थलांतरितांत तुतवार, दलदली भोवत्या, पिवळा धोबी अशी भिगवणची मंडळीही बरीच असतील. त्यांच्यावर तिथले तास खर्च करू नका.

प्रश्न : नाकुरू सरोवराचे रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेले छायाचित्र लहानपणापासून मनात आहे. तेवढ्यासाठी तिथे जावे का? (ठाणे)

उत्तर : तेवढ्यासाठी जाऊ नये. ते छायाचित्र खरे आहे, पण ते सरोवराच्या एका विशिष्ट अवस्थेचे आहे. छोटा रोहित हा मुख्यतः क्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म नीलहरित शैवालावर जगतो. पावसाचे पाणी वाढून सरोवर पातळ झाले की शैवाल घटते आणि थवे दुसरे सरोवर शोधतात. नाकुरूची पातळी २०१० नंतर इतकी चढली, की उद्यानाचे जुने प्रवेशद्वारही पाण्यात गेले आणि काठच्या पिवळ्या खोडांच्या बाभळींची जागा वाळलेल्या सांगाड्यांनी घेतली. तेव्हापासून मोठे थवे बहुधा बोगोरिया सरोवराला दिसतात. ते बारिंगोहून एका सकाळीत करता येते आणि काठावरचे उकळते झरेही पाहून होतात. पण तिथेही हमी कोणी देऊ शकत नाही. नाकुरू, बोगोरिया आणि एलेमेंटाइटा ही तिन्ही सरोवरे २०११ साली एकत्रितपणे जागतिक वारसा ठरली, ती यामुळेच, की पक्ष्यांना त्यांतले कोणतेही एक पुरत नाही.

आणि आपण ठाण्याचे आहात, म्हणून जाता जाता सांगतो: तुमच्या खाडीत हिवाळ्यात येणारे हजारो रोहित बहुतांशी याच जातीचे आहेत. नाकुरूला गेलातच, तर गेंडा आणि पेलिकन पाहायला जा.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्यावीच लागते का? मलेरियाचे काय? (कोल्हापूर)

उत्तर : पीतज्वराचा प्रश्न हलक्यात घेऊ नये, कारण खरी अडचण जाताना नव्हे, परतताना येते. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश आहे, आणि अशा देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून विमानतळावरचे आरोग्य अधिकारी यात सवलत देत नाहीत आणि देऊही नये. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. केंद्रांवर ठराविक वारीच लस देतात आणि नोंदणी आधी भरते, तेव्हा तिकिटाच्याही आधी हे काम करा.

तुमच्या वयाचा मुद्दा मात्र खरा आहे. साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका, एकंदरीत दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी ती सहसा घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना सर्व औषधांची यादी दाखवून निर्णय घ्या. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली, तरी परतताना निरीक्षणाखाली राहावे लागण्याची शक्यता उरतेच, हे धरून चाला. डॉक्टर नको म्हणाले, तर हट्ट न करता श्रीलंकेचा विचार करा; सिंहराजाचे वर्षावन आणि त्या बेटापुरत्याच मर्यादित असलेल्या तीसहून अधिक जाती हा काही कमी प्रतीचा पर्याय नव्हे.

मलेरियाचा धोका नैरोबीत कमी, पण बारिंगो, काकामेगा आणि किनाऱ्यावर निश्चित आहे. प्रतिबंधक गोळ्या प्रवासाच्या आधी सुरू करून परतल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात. कोणत्या, ते डॉक्टरच ठरवतील. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला, तर केनियाला जाऊन आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रश्न : मोबाइलवरील ॲप असताना वाटाड्याची गरज काय? आणि नवख्या प्रदेशाचा अभ्यास कसा करावा? (पुणे)

उत्तर : ॲप नाव सांगते, पक्षी शोधून देत नाही. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपमधला पूर्व आफ्रिकेचा संच घरूनच उतरवून घ्या आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या-त्या ठिकाणची, त्या-त्या महिन्याची नोंद पाहा. कोणती जात तिथे सर्रास दिसते आणि कोणती दहा वर्षांत दोनदा दिसली, हे कळले की अर्धा अभ्यास झाला. उरलेला अभ्यास कुळांचा करावा, जातींचा नव्हे. टुराको, माऊसबर्ड, वूड-हुप्पो, गिनीफाउल ही कुळे आपल्याकडे नाहीत. ती छापील मार्गदर्शिकेतून आधी डोळ्यांखालून घाला. खंड्या, वेडा राघू, सूर्यपक्षी, कोतवाल यांचे कूळ तुम्ही पाहताक्षणी ओळखालच. सिस्टिकोला नावाच्या तपकिरी वटवट्यांच्या नादी मात्र पहिल्या सहलीत लागू नका. त्या दिसायला सारख्याच असतात आणि आवाजावरून ओळखाव्या लागतात. सुगरणींच्या माद्यांचीही तीच तऱ्हा. ओळख न पटलेला पक्षी तसाच सोडून पुढे जाणे, हे निदान तिथे तरी शहाणपणाचे.

वाटाड्या प्रत्येक ठिकाणचा स्थानिक घ्या. नैरोबीहून संपूर्ण प्रवासासाठी एकच जाणकार घेण्याची पद्धत आहे आणि तो असल्यास चांगलेच, पण काकामेगातले घरटे काकामेगातल्यालाच ठाऊक असते. त्याचा दिवसाचा दर आधी ठरवून त्याच्या हातात द्या. कंपनीच्या एकत्रित रकमेत त्याचा वाटा किती, हे आपल्याला कळत नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा आग्रह त्याच्याकडे धरू नका. पाहुणे खूश व्हावेत म्हणून तो कदाचित वाजवेलही. पण सोकोके घुबडासारख्या थोडक्या जागेत उरलेल्या पक्ष्याला दर आठवड्याला नवे पाहुणे असेच हाकारत असतात.

नैरोबीत नेचर केनिया ही १९०९ पासूनची जुनी संस्था आहे आणि तिच्यातर्फे बुधवारी सकाळी पक्षीनिरीक्षणाची फेरी निघते. विमानाचा दिवस त्या हिशेबाने निवडता आला, तर तिथल्या जाणकारांची ओळख होईल; वेळ आणि जमण्याची जागा मात्र आधी विचारून घ्या.

प्रश्न : सामान, कपडे आणि प्रवेश-परवानगी यांविषयी थोडक्यात सांगावे. (नाशिक)

उत्तर : जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. तशाच दिसणारी दलालांची संकेतस्थळे जास्त पैसे घेतात. दुर्बीण आठ पट वाढीव क्षमतेची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची पुरे. जंगलात अंधार असतो, म्हणून त्याहून लहान भिंगाची नको. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने कुठे जाणार असाल, तर बहुधा माणशी १५ किलो आणि तेही मऊ पिशवीत, अशी मर्यादा असते. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सचे वजन तीतच धरले जाते. ड्रोन घरी ठेवा. आपल्याकडे पक्षीनिरीक्षकांत लोकप्रिय असलेले लष्करी छापाचे कपडेही घरीच ठेवा. आफ्रिकेतील अनेक देशांत नागरिकांनी ते घालणे पोलिसांना खटकते, काही ठिकाणी तो गुन्हाही आहे. साधे खाकी किंवा मळकट हिरवे पुरते. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर तिथे २०१७ पासून कडक बंदी आहे आणि २०२० पासून उद्यानांत एकदा वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात भरा. शाकाहाराची चिंता करू नका: चपाती आणि समोसा हे पदार्थ तिथे इतके रुळले आहेत, की रस्त्याकडेच्या टपरीतही मिळतात, आणि मक्याच्या उगालीबरोबर सुकुमा विकी नावाची पालेभाजी जवळपास सगळीकडे असते. भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, एवढे मात्र विचारून घ्या.